ताजा कलम हाच तुझा निबंध

पत्र असं आहे:

‘आदरणीय माई, मी साक्री तालुक्यातल्या एका गावची. धुळ्याला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, २०२१ ला ६८ टक्क्यांनी पास झाले. तीन वर्षांपासून पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. पाणी व्यवस्थापनात परदेशात मास्टर्स करायची फार इच्छा आहे. गेल्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, पण मुलाखतीलाही बोलावलं नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं, इंग्रजी लिहिताना हात अडखळतो. एक सल्लागार अर्जातले चारही निबंध (नेतृत्व, लोकांशी संबंध जोडणं, हाच अभ्यासक्रम का, परतून काय करणार) तयार करून देतो म्हणतात, ४५ हजार रुपये मागतात. वडील म्हणतात, शिकायला ना नाही, पण शेत गहाण टाकणार नाही. मामा म्हणतात, एमपीएससी कर, नाहीतर लग्नाचं बघू. पुन्हा अर्ज करू का? पैसे देऊ का? मागचे निबंध, आणि शिफारस देणाऱ्यांची व मनातल्या विद्यापीठांची यादी सोबत जोडली आहे.

ता. क. उत्तराला उशीर झाला तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी मी दोन दिवस बाहेर असते, आमच्या चार गावांतल्या ३८ विहिरींची पातळी मोजायची असते. आधी म्हातारे हसायचे. आता मला उशीर झाला तर तेच फोन करतात.’

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि चारही निबंध वाचले. निबंधांत तू कुठेच सापडली नाहीस, म्हणून पुन्हा पत्राकडे आले, आणि ताजा कलमाशी येऊन थांबले. ३८ विहिरी, दर पंधरा दिवसांनी. आणि ही गोष्ट चार निबंधांत एकदाही नाही!

तुझ्या पहिल्या निबंधाची सुरुवात मराठीत आणली तर अशी होते: ‘पाणी हेच जीवन आहे. दुष्काळग्रस्त भागातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात माझा जन्म झाला आणि लहानपणापासून पाण्याचं महत्त्व मला कळलं.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे, मला ठाऊक आहे. पण हेच वाक्य मराठवाड्यातल्या मुलीनं लिहिलं असणार, बुंदेलखंडातल्या मुलानं लिहिलं असणार, केनियातूनही आलं असणार. समोर अर्जांचा ढीग घेऊन बसलेल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की तुझ्यावर परिस्थिती ओढवली. त्या परिस्थितीत तू काय केलंस, ते त्याला हवं असतं. ते सांगायला तुझ्याकडे भरपूर आहे, पण ते तुला इतकं रोजचं झालंय की सांगण्यासारखं वाटत नाही.

मी अनेक वर्षं कॉलेजात शिकवलं आणि कितीतरी मुलामुलींचे अर्ज त्यांच्याशेजारी बसून भरले. आपल्या खान्देशातल्या पोरांचा हाच घोळ मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. बोलायला बसली की तासभर रंगून सांगतात, आणि कागद पुढे आला की भाषण लिहितात.

तर आता मी विचारते, तू उत्तरं दे. पहिली विहीर कोणाची होती? तिथे उभं कसं राहू दिलं? टेप कशाचा होता, दोरीला वजन बांधून सोडायचीस का? हसणाऱ्या म्हाताऱ्यांतला कोण पहिल्यांदा म्हणाला असेल, ‘आज पानी कितलं शे वं?’ आकडे वहीतच राहतात, की गावाला दिसतील असे कुठे लिहितेस? त्या आकड्यांवरून कोणी कांद्याचं क्षेत्र कमी केलं का, उन्हाळी पीक टाळलं का, नवी बोअर घ्यायचं थांबवलं का? एकानं जरी तसं केलं असेल, तरी तुझा नेतृत्वाचा निबंध झाला. नेतृत्व म्हटलं की आपल्याला व्यासपीठ आणि हार आठवतात. पंचविशीतल्या मुलीच्या शब्दावर सत्तर वर्षांचा शेतकरी पीक बदलतो, हे त्याहून कितीतरी मोठं आहे.

आणखी एक. आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तू चोवीस वेळा मोजतेस. क्षेत्र छोटं आहे, पण पाणी कुठल्या आठवड्यात झपाट्यानं उतरलं, हे तुझ्या वहीला कळतं. चार मोजण्यांत ते निसटू शकतं. ही वही घेऊन यंत्रणेच्या धुळ्याच्या कार्यालयात कधी गेलीस का? गेली असशील तर तुझा संबंध जोडण्याचा निबंध तिथे आहे. गेली नसशील तर अजून वेळ आहे, या महिन्यातच जा. अर्जासाठी म्हणून नको, ती माहिती त्यांच्याही कामाची आहे.

आता मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती याची. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून काळ्या कठीण दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या आहेत. पूर्व-पश्चिम पसरलेल्या, कुठे टेकडीसारख्या वर आलेल्या, कुठे मातीखाली गडप झालेल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. काही ठिकाणी ही भिंत जमिनीखालचं पाणी अडवते, मग एका अंगाच्या विहिरीला मार्चमध्येही पाणी असतं आणि पलीकडची पोळ्यापासून कुरकुरत असते. तुझ्या ३८ विहिरींमध्ये असं काही दिसलं का? ‘शेजारच्या विहिरीला पाणी, माझ्या का नाही’ असं कोणी विचारलं आणि तुला उत्तर देता आलं नाही, असं झालं का? झालं असेल, तर ‘हाच अभ्यासक्रम का’ या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातात आहे. जे उत्तर शेताच्या बांधावर देता आलं नाही ते शिकायला मी जातेय, असं थेट लिही. तुझ्या निबंधात त्या जागी ‘ब्रिटनमधील जागतिक दर्जाचे शिक्षण’ असं आहे. ते खोड.

परतून काय करणार, या भागातही तू ‘देशाची सेवा’ लिहिलंय. कोणत्या गावात, कोणासोबत, कितव्या वर्षी काय, ते सांग. इथे तुझं वाचन दिसू दे. तुझ्याच तालुक्यात पांझरेच्या आणि कानच्या काठावर फड पद्धत आहे. बंधारा, पाट, फडांत वाटून घेतलेली पिकं, पाण्याच्या पाळ्या आणि त्या सांभाळणारा पाटकरी, हे सगळं तीनशेहून अधिक वर्षं शेतकऱ्यांनी स्वतः चालवलं. पाणी वाटपावर जगात जे संशोधन करतात, त्यांना अशी उदाहरणं हवी असतात. तुझ्या कुटुंबातलं कोणी फडावर असेल तर त्यांच्याशी बोल. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, त्या कामाचं कौतुकही झालं आणि त्यावर वादही झाले. तुझं मत काय? तापीकाठच्या गाळात आणि तुमच्या साक्रीकडच्या काळ्या पाषाणात पाणी सारखं मुरत नाही, हे तू रोज बघतेस. मुलाखतीत हा प्रश्न आलाच तर पाठ केलेलं उत्तर नको, तुझ्या विहिरींवरून दे.

इंग्रजीचं सांगते. आधी मराठीत लिही. तेही जमत नसेल तर आजीला अहिराणीत सांग आणि फोनवर रेकॉर्ड कर, मग ऐकून उतरव. त्यानंतर इंग्रजीत आण, छोट्या वाक्यांत. एका वाक्यात एक गोष्ट. ‘मी दर पंधरा दिवसांनी चार गावांतल्या ३८ विहिरी मोजते’ याला कठीण शब्द लागत नाही. निबंध वाचणारे भाषेची ऐट बघत नाहीत, त्यांना अर्थ लागला पाहिजे. आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी गोष्ट आहे. विद्यापीठाला आयईएलटीएसचे गुण लागतात, बहुतेक ठिकाणी साडेसहाच्या आसपास, आणि ते गुण दोन वर्षं चालतात. पावसाळ्यात रोज एक तास दिलास तर तुला ते जमेल. तू इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीतूनच वाचलीस, विसरू नकोस.

त्या ४५ हजारांचं उत्तर: देऊ नकोस. एक पैसाही नको. अर्जातल्या मजकुराची उचलेगिरी तपासली जाते, आणि सापडलं तर अर्ज बाद होतो, हे एक. पण समज नाही सापडलं, तरी मुलाखतीत तुझ्याच निबंधातलं वाक्य उचलून विचारतात, ‘याबद्दल आणखी सांगा.’ दुसऱ्यानं लिहिलेल्या वाक्याबद्दल तू आणखी काय सांगशील? शिवाय त्या सल्लागारांना तुझी एकही विहीर माहीत नाही. ते जे लिहून देतील ते तू गेल्या वर्षी लिहिलंस तसंच असेल, फक्त इंग्रजी गुळगुळीत असेल. लिहिलेलं कोणाला तरी वाचून घ्यायला दाखव, चुका काढून घे, त्यात काही गैर नाही. शाळेतले इंग्रजीचे सर, कॉलेजची मैत्रीण, मी आहे.

शिफारसपत्रांवर जरा थांबते, कारण इथे माझं स्वतःचं हरवलेलं आहे. मी तुझ्या वयाची असताना इंग्लंडच्या एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. सगळे कागद तयार होते. एका मोठ्या माणसाचं शिफारसपत्र हवं म्हणून शेवटच्या चार दिवसांत गेले. ते ‘हो, हो’ म्हणाले, गावाला निघून गेले आणि पत्र टेबलाच्या खणात राहिलं. अर्ज अपुरा म्हणून बाजूला पडला. पुढच्या वर्षी घरच्या परिस्थितीमुळे मला पुन्हा भरता आला नाही. त्यांच्याइतकीच चूक माझी होती. मी त्यांना वेळ दिला नव्हता, आणि ते मला ओळखतही नव्हते, फक्त त्यांचं पद मोठं होतं.

तुझ्या यादीत एक माजी लोकप्रतिनिधी आहेत. त्यांनी तुला विहिरीवर कधी पाहिलंय का? त्यांच्याऐवजी संस्थेतले तुझे वरिष्ठ घे, ज्यांच्याकडे तू दर पंधरवड्याला आकडे देतेस. दुसरे कॉलेजातले असे प्राध्यापक, ज्यांच्या हाताखाली शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट केलास. दोघांना किमान महिनाभर आधी भेट. एका पानावर मुद्दे लिहून दे: मी काय काम केलं, कधीपासून, काय बदललं, कोणत्या अभ्यासक्रमाला जातेय. माणसं चांगलं लिहायला तयार असतात, पण त्यांना तपशील आठवत नाहीत आणि मग ‘कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थिनी’ एवढंच येतं.

एकाच अर्जावर जीव टांगणीला लावू नकोस. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. तो तुझा कधीच झालाय. वयाची वरची अट नाही. अर्ज साधारण ऑगस्टात सुरू होतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, आणि विद्यापीठाचा प्रवेश तुला वेगळा मिळवावा लागतो. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा विकासाशी निगडित अभ्यासक्रमांचा कार्यक्रम आहे, तो तर तुझ्यासारख्यांसाठीच आहे. तिथे दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तुझी पदवी २०२१ ची आहे, म्हणजे हे दार फार काळ उघडं राहणार नाही, याला आधी हात घाल. तिथे युरोपास या युरोपीय नमुन्यातला बायोडेटा आणि हातानं सही केलेलं प्रेरणापत्र मागतात. प्रत्येक अभ्यासक्रमाची मुदत वेगळी असते, त्यामुळे वही करून तारखा लिही. युरोपातल्या इरॅस्मस मुंडसच्या संयुक्त मास्टर्समध्ये दोन किंवा अधिक देशांत शिकायला मिळतं, शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो असते आणि अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव मागते. तुझी बी.ई. चार वर्षांची असल्यामुळे तू बसतेस, पण तिची मुदत सहसा मे महिन्यात संपते, म्हणजे ती पुढच्या वर्षीच्या वहीत लिही.

तू तुझा प्रवर्ग कळवला नाहीस, म्हणून सगळंच सांगते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत, मराठा समाजासाठी सारथीची आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे, आणि आदिवासी मुलांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी. या योजनांचा क्रम उलटा असतो: आधी विद्यापीठाचं प्रवेशपत्र, मग पैशांचा अर्ज. आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. इथे तुला एक सावधगिरी सांगते, कारण तू यादीत नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचं नाव लिहिलंयस. डेल्फ्टमध्ये दोन संस्था आहेत. एक मोठं तांत्रिक विद्यापीठ, आणि दुसरी आयएचई, १९५७ पासून फक्त पाण्याचं शिक्षण देणारी. तुझ्या कामाला दुसरी जास्त जवळची आहे. पण अशा एका विषयाच्या संस्था सर्वसाधारण क्रमवारीत सहसा नसतात. शासनाच्या योजनेतून जायचं असेल तर आधी हे तपास, नाहीतर प्रवेश हातात येईल आणि पैसे अडकतील. वाखेनिंगन विद्यापीठही बघ, शेती आणि पाणी दोन्हीसाठी त्याचं नाव आहे.

कागदपत्रांतली एकच गोष्ट सांगते, बाकीच्या तुला कळतील. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही येतं. पासपोर्टवर वेगळा क्रम असतो, आधारवर स्पेलिंग वेगळं. परदेशी कार्यालयाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. आताच सगळे कागद शेजारी ठेवून बघ. विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्जही पावसाळ्याआधी कर, गणपतीनंतर धावपळ नको. टक्क्यांचे ग्रेड स्वतःच्या हिशेबानं बदलू नकोस, ६८ टक्के तर ६८ टक्केच लिही. संस्थेकडून अनुभवाचं पत्र घेताना त्यावर रुजू झाल्याची तारीख आणि ‘पूर्णवेळ’ हा शब्द असल्याची खात्री कर.

आता घर. वडिलांचं बरोबर आहे, शेत गहाण टाकू नये. त्यांना हे शांतपणे समजाव की मी वर सांगितलेल्या पूर्ण शिष्यवृत्त्यांमध्ये फी, राहणं-खाणं आणि बहुतेकींत विमानाचं भाडंही येतं. तुझा खरा खर्च पासपोर्ट, आयईएलटीएस आणि थोडा प्रवास एवढा आहे, तो तुझ्या पगारातून निघेल. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर कर्ज काढून जाणार नाही, असा शब्द त्यांना दे आणि तो पाळ. हातात पत्र येईपर्यंत नोकरीही सोडू नकोस. तू परत येणार नाहीस अशी त्यांना भीती वाटत असेल, तर सांग की चेव्हनिंगला शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी यावंच लागतं. ही रीत जुनीच आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार होता.

मामांना काय सांगायचं? त्यांच्या काळजीत खोट नाही. त्यांना तारीख दे. म्हण, पुढच्या जूनपर्यंत सगळे निकाल लागतील, तोपर्यंत लग्नाचा विषय नको. आणि परदेशाचं नाहीच जमलं तरी वाट संपत नाही, हेही त्यांना दाखव. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला सितारा म्हणतात, तिथे एम.टेक. होतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पाणी धोरणाचा अभ्यासक्रम आहे. तुझ्या वहीला तिथेही मोल आहे, आणि मुंबईचं नाव ऐकून मामांना थोडं हायसं वाटेल.

पुन्हा अर्ज करू का, हे तू विचारलंस. हो, कर. गेल्या वर्षी तू नाकारली गेलीस असं मला वाटतच नाही. तुझ्या नावानं गेलेल्या त्या चार निबंधांत तू नव्हतीसच.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली; विहिरी आता तळाला असतील. पुढच्या मोजणीला जाशील तेव्हा पाण्याच्या आकड्याशेजारी कोण काय म्हणालं तेही वहीत लिही. त्यातली एकच विहीर निवड, तिच्यावर चार पानं मराठीत लिहून आषाढी एकादशीपर्यंत मला पाठव. इंग्रजीचं आपण त्यानंतर बघू.

तुझी,
माई